माणसाला बाटलीचा दर्जा

फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या नावाने ओळखलं जाणारं कॅसिस नावाचं एक गोड मद्य आहे. ब्लॅककरंट या काळ्या, आंबटगोड फळापासून ते करतात आणि त्यात अल्कोहोल असतं १५ ते २० टक्के. जर्मनीतल्या एका व्यापाऱ्याने ते मागवायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या मद्यखात्याने त्याला कळवलं की खुशाल आणा, पण विकता येणार नाही. आमच्या कायद्याप्रमाणे फळांच्या मद्यात किमान २५ टक्के अल्कोहोल लागतं. दारू पुरेशी चढत नाही म्हणून बंदी! प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं, तिथे जर्मन सरकारने अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगितलं की सौम्य दारू मोकाट सुटली तर लोकांना तिची चटक सहज लागेल, म्हणून सार्वजनिक आरोग्यासाठी दारू जहालच असली पाहिजे. घरी सांगायला इतकं वजनदार कारण तमाम पिणाऱ्यांना त्याआधी कोणी पुरवलं नसेल. न्यायालयाने मात्र २० फेब्रुवारी १९७९ रोजी निकाल दिला की एका सदस्य देशात जी वस्तू कायदेशीरपणे तयार होते आणि विकली जाते, ती दुसऱ्याने सबळ कारण असल्याशिवाय अडवायची नाही. तुमच्याकडे चालतं ना, मग आमच्याकडेही चालेल, एवढाच त्याचा मथितार्थ. या तत्त्वाच्या आधाराने युरोपची सामाईक बाजारपेठ फोफावली. माझं म्हणणं असं आहे की त्या दिवशी बाटलीला जे मिळालं, ते युरोपातल्या माणसाला अजून पुरतं मिळालेलं नाही. आणि ते मिळेपर्यंत त्याच्या हक्कांच्या वाटेतले अडथळे काढण्याचे बाकीचे उद्योग म्हणजे कागदी घोड्यांना नवे नाल ठोकणं आहे.

तशी हक्कांची ददात नाही. १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्तला करार झाला आणि १ नोव्हेंबर १९९३ पासून सदस्य देशांतला प्रत्येक नागरिक आपल्या देशाचा राहूनच युरोपीय संघाचाही नागरिक झाला. कुठेही जावं, राहावं, काम करावं. राहतो त्या गावच्या नगरपालिकेला मत द्यावं, वाटलं तर निवडणुकीला उभंही राहावं. आपल्या देशाची वकिलात नसलेल्या मुलखात अडकलो तर संघातल्या दुसऱ्या कुठल्याही देशाच्या वकिलातीचं दार ठोठवावं. वाचताना ऊर भरून येतो. २००४ च्या निर्देशाने त्यात तपशील भरले. पहिले तीन महिने ओळखपत्र सोडून कोणी काही मागायचं नाही. पुढे नोकरी, धंदा, शिक्षण किंवा गाठीला पुरेसा पैसा आणि आरोग्यविमा असला की राहा. पाच वर्षं रीतसर काढलीत की कायमचे झालात. एवढं सगळं झाल्यावर २०१० च्या ऑक्टोबरात युरोपीय आयोगाने नागरिकत्वाचा एक अहवाल काढला, त्याच्या शीर्षकातच हक्कांच्या आड येणारे अडथळे मोडून काढण्याची भाषा होती. न्याय आणि नागरिकत्वाचं खातं तेव्हा विवियान रेडिंग यांच्याकडे होतं. नवराबायको दोन देशांचे असतील तर मालमत्तेचं काय, दुसऱ्या देशात नेलेल्या मोटारीची नोंदणी कशी, परदेशी उपचारांचं बिल कोण भरणार, जन्माचा नि लग्नाचा दाखला सीमेपलीकडे का चालत नाही, अशा दुखण्यांवर त्यात २५ उपाय होते. सरकारने आपल्याच घरातले अडथळे मोजून छापावेत हे आपल्याला फारसं सवयीचं नाही, त्यामुळे आधी आदर वाटतो. पण नागरिकत्वाचा असा अहवाल दर तीन वर्षांनी द्यायचा हे करारातच लिहून ठेवलंय असं कळलं की आदरात किंचित पाणी पडतं. अडथळे संपण्याचा भरवसा असता तर अहवालाचा रतीब कोणी लावून ठेवला नसता.

अडथळा म्हटलं की आपण लगेच खलनायक शोधायला निघतो. खिडकीपलीकडचा, चष्म्यावरून बघणारा, 'उद्या या' म्हणणारा. युरोपात हा शोध वाया जातो. तिथला अडथळा ही बहुतेक वेळा त्या-त्या देशाची उत्तम चाललेली सोय असते, आणि सीमा ओलांडली की नेमकी तीच आडवी पडते. फ्रान्समध्ये लग्न करायचं तर नगरपालिकेत जन्माचा दाखला द्यावा लागतो आणि तो तीन महिन्यांहून जुना चालत नाही. बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो की माझा जन्म चाळीस वर्षांपूर्वी झाला, तो गेल्या तीन महिन्यांत बदलायचं काही कारण? फ्रेंचांचं उत्तर आहे, हो, बदलतो. कारण त्यांच्या जन्मनोंदीला समास सोडलेला असतो आणि माणसाचं लग्न, घटस्फोट, शेवटी मृत्यूसुद्धा त्या समासात टिपला जातो. ताजी नक्कल काढली की नवरदेवाचा आजवरचा सगळा प्रपंच एका पानावर. आधीचं लग्न लपवून बोहल्यावर चढायची सोयच नाही. व्यवस्था म्हणून लाजवाब! आता आयर्लंडचा नवरदेव घ्या. त्याच्या देशातला जन्मदाखला फक्त जन्माचं सांगतो. पुढे त्या जिवाने काय काय उद्योग केले याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्याची कालची नक्कल आणि चाळीस वर्षांपूर्वीची नक्कल यांत फरक असला तर शाईचा. तरीही ताजी हवी, कारण नियम तसा आहे. फक्त परदेशी म्हणून मुदत तीनऐवजी सहा महिन्यांची. पुढे फ्रेंच कायद्याला हे उमगलं आणि ज्या देशांत नोंदी अद्ययावत करण्याची पद्धतच नाही त्यांना ताजेपणाची अट लागू नाही असं त्याने म्हटलं. मात्र आपला देश समासात काही लिहीत नाही हे खिडकीपलीकडच्या बाईंना पटवायचं कसं? तर तसं लिहिलेला एखादा कागद आणून.

जर्मनीत गेलात तर कागद निराळा. तिथे लग्न करणाऱ्या परदेशी माणसाने स्वदेशाकडून आपण लग्नाला लायक असल्याचा दाखला आणायचा असतो. इथे 'लायक' कायद्याच्या अर्थाने, त्यामुळे बायको काय म्हणेल हा प्रश्न दाखल्याच्या कक्षेबाहेर. काही देश असा दाखला देतच नाहीत. त्यांच्या नागरिकांसाठी जर्मन कायद्याने वाट काढून ठेवली आहे: प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाच्या अध्यक्षांकडे अर्ज करावा, ते दाखल्यापासून सूट देतील. प्रेमात पडताना ज्यांनी आईबापांनाही विचारलं नाही, त्यांनी लग्न करताना न्यायाधीशांची मर्जी सांभाळायची. यावर त्या जोडप्यांनी शोधलेला उपाय कुठल्याही अहवालातल्या पंचवीस उपायांपेक्षा चलाख आहे. ती उठून डेन्मार्कला जातात. सीमेजवळचं तॉनर गाव किंवा एरो नावाचं जेमतेम सहा हजार वस्तीचं बेट, इथे बाहेरून आलेल्यांची लग्नं लावणं हा गावाचा मोठा उद्योग होऊन बसला आहे. २०१९ पासून कागदांची तपासणी एका मध्यवर्ती कार्यालयाकडे गेली, तरी पसारा जर्मनीपेक्षा हलकाच. जर्मनीत राहणारे कितीतरी भारतीयही याच वाटेने बोहल्यावर चढले आहेत. आणि गंमत पुढेच आहे. डेन्मार्कचा विवाहदाखला घेऊन हेच जोडपं परत आलं, की जर्मनी त्यांना साधारणपणे नवराबायको मानून मोकळी होते. लायकीचा दाखला आता कोणी मागत नाही. तीच माणसं, तेच प्रेम, तेच कागद अपुरे. पण माल बाहेरून तयार होऊन आला म्हणून चालला. बाटलीचं तत्त्व माणसाला लावलं तर काय होतं याचा प्रयोग त्या बेटावर रोज चालू आहे, आणि त्यामुळे जर्मन कुटुंबसंस्था कोसळल्याची बातमी अजून आलेली नाही.

नावांच्या बाबतीत हे शहाणपण यायला जास्त वेळ लागला. १९९८ मध्ये जर्मन आईबापांच्या पोटी डेन्मार्कमध्ये एक मुलगा जन्मला. डेन्मार्कच्या नोंदीत त्याला आईचं आणि बापाचं अशी दोन्ही आडनावं जोडून मिळाली. जर्मनीने ती मानायला नकार दिला, कारण तिथल्या कायद्यात मुलाला असं जोडआडनाव बसत नव्हतं. एकच पोरगं, एका देशात एक आणि दुसऱ्यात दुसरं. त्याच्या आडनावाचा निकाल लक्झेंबर्गहून आला २००८ मध्ये, म्हणजे तोवर ते चिरंजीव शाळेत दोन अंकी वजाबाकी शिकून पुढे गेले होते. जर्मनीने आपला कायदा सैल करून मुलांना जोडआडनावं सर्रास खुली केली ती थेट १ मे २०२५ पासून. लिथुआनियात तर भांडण एका अक्षराचं झालं. तिथल्या लिपीत डब्ल्यू नाही. पोलंडचा नवरा आणि लिथुआनियाची पोलिश भाषिक बायको यांचं विल्नियसला लग्न लागलं. दाखल्यावर नवऱ्याचं आडनाव डब्ल्यूने आणि त्याच्यावरूनच घेतलेलं बायकोचं आडनाव व्हीने. एका कागदावर, एका रेघेच्या अंतरावर, नवराबायकोची आडनावं वेगळी! आपल्या 'व'ने दोघांनाही विनातक्रार पोटात घेतलं असतं, पण युरोपीय न्यायालयाने २०११ मध्ये तोलूनमापून सांगितलं की यामुळे त्यांची गंभीर गैरसोय होते का हे लिथुआनियाच्या न्यायालयानेच ठरवावं. शेवटी २०२२ मध्ये लिथुआनियाच्या संसदेने क्यू, एक्स आणि डब्ल्यू या तीन अक्षरांना माणसांच्या नावांत शिरायला परवानगी दिली. माणसाला सीमा ओलांडायला हल्ली अर्धा मिनिट लागतो. अक्षराला पिढी लागते.

यावर कोणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं, संघाने उपाय केला की. केला, आणि तोच मला जास्त बघण्यासारखा वाटतो. पूर्वी एका देशाचा दाखला दुसरीकडे दाखवायचा तर त्यावर १९६१ च्या हेगच्या करारानुसार अपोस्तील नावाचं प्रमाणपत्र लागायचं. बाजू किमान नऊ सेंटिमीटरचा चौकोन, आत दहा क्रमांकित मुद्दे, वर फ्रेंचमध्येच लिहिलेलं शीर्षक. परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना हा चौकोन चांगला ठाऊक असतो. भारत त्या करारात २००५ मध्ये शिरला. संघाने २०१६ मध्ये नियम केला आणि १६ फेब्रुवारी २०१९ पासून सदस्य देशांनी एकमेकांच्या जन्म, मृत्यू, विवाह वगैरे दाखल्यांवर अपोस्तील मागायचं बंद झालं. भाषांतराचाही खर्च वाचावा म्हणून सोबत जोडायला बहुभाषिक नमुने आले. म्हणजे एका कागदाच्या जागी आता दोन. मात्र दुसरा नुसता दाखवून चालत नाही, पहिल्याला जोडूनच द्यायचा. या नमुन्यांत एक नमुना माणूस जिवंत असल्याचाही आहे. आपल्याकडे दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग लावणाऱ्या पेन्शनरांना ऐकून बरं वाटेल की जर्मन पेन्शन घेऊन स्पेनच्या उन्हात पडलेल्या आजोबांनाही आपण अजून आहोत हे कळवत राहावं लागतं, आणि तेही आता अनेक भाषांत कळवता येतं. पण खरी मेख या नियमाच्या पोटात आहे. तो म्हणतो, दाखला खरा आहे हे मानायचं. दाखल्यात लिहिलंय त्याचे कायदेशीर परिणाम मानायचे की नाही, हे आम्ही सांगत नाही. तुमच्या लग्नाचा कागद अस्सल आहे, सही अस्सल आहे, शिक्का अस्सल आहे, अभिनंदन. तुमचं लग्न झालंय का, ते आमचा कायदा बघून सांगतो. बाटलीला हे कलम लावलं असतं तर कॅसिसचं लेबल सीमेपार गेलं असतं आणि दारू तिथेच राहिली असती.

दुसरा आक्षेप संख्येचा. संघाची वस्ती ४५ कोटींच्या घरात, त्यातले दुसऱ्या सदस्य देशात राहणारे साधारण १ कोटी ४० लाख. मूठभर लोकांच्या किरकोळ कटकटींसाठी एवढा खटाटोप कशाला? मूठ छोटी नाही, पण ते सोडा. कटकटी किरकोळ आहेत हेच मला पटत नाही. डेन्मार्कचा नागरिक जर्मनीत कायमचा राहायला गेला की डेन्मार्कच्या संसदेसाठीचं त्याचं मत जातं, आणि जर्मनीच्या संसदेसाठी त्याला मत मिळत नाही. नगराध्यक्ष तो निवडणार, युरोपीय संसदेचा सदस्य निवडणार, पण त्याच्यावर कर बसवणारी संसद निवडायचा विषय निघाला की दोन्ही देश त्याच्याकडे पाठ करून उभे. २०१४ मध्ये आयोगाने डेन्मार्क, आयर्लंड, माल्टा, सायप्रस आणि तेव्हा संघात असलेल्या ब्रिटनला याबद्दल समजही दिली होती. बँकेचं तसंच. कायदा २०१४ पासून सांगतो की युरोतला खातेक्रमांक संघातल्या कुठल्याही देशाचा असला तरी पगाराला आणि बिलाला चालवून घ्यायचा. प्रत्यक्षात क्रमांकाच्या सुरुवातीची दोन अक्षरं परकी दिसली की समोरच्याच्या कपाळाला आठ्या पडतात. मग नव्या देशात खातं काढावं, तर पत्त्याची नोंद हवी. जर्मनीत पत्त्याची नोंद करायची तर घरमालकाचं लेखी प्रमाणपत्र हवं. घरमालकाला आधी पगार आणि खातं बघायचंय. म्युनिक-फ्रँकफुर्टला गेलेल्या आपल्या पुण्याच्या मंडळींना हे गोल फिरणं ठाऊक आहेच. युरोपीय नागरिकाचं त्यांच्याहून वेगळं एवढंच की तो हक्काने गोल फिरतो.

मग कोर्टात जा, असं म्हणणारे असतातच. जावं. १९९२ मध्ये लक्झेंबर्गच्या एका गृहस्थांनी आपल्या देशातल्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन सीमेपलीकडच्या, बेल्जियममधल्या आर्लों गावातून चष्मा आणला. त्यांच्या विमा मंडळाने पैसे द्यायला नकार दिला, कारण परदेशी चष्म्यासाठी आधी परवानगी घ्यायला हवी होती. निकाल लागला २८ एप्रिल १९९८ ला, गृहस्थांच्या बाजूने. सहा वर्षांत चष्म्याचा नंबर काय राहिला असेल ते नेत्रतज्ज्ञ सांगतील. मला त्यातला युक्तिवाद महत्त्वाचा वाटतो. गृहस्थ जिंकले ते मालाच्या मुक्त संचाराच्या नियमावर. चष्मा हा माल आहे आणि माल अडवता येत नाही. त्याच दिवशी दुसऱ्या प्रकरणात लक्झेंबर्गच्याच एका मुलीचे दात जर्मनीत सरळ करून घेण्याचा प्रश्न सुटला, तो सेवांच्या मुक्त संचारावर. चष्मा जिंकला, दातांची दुरुस्ती जिंकली. ज्या नाकावर चष्मा बसणार होता त्या नाकाच्या धन्याला कोणी विचारात घेतलं नाही. रुग्णांच्या हक्कांचा स्वतंत्र निर्देश यायला २०११ उजाडलं. कोर्टाची पायरी टाळायची असेल तर २००२ पासून सॉल्व्हिट नावाची सोय आहे: दोन देशांची कार्यालयं आपसात बोलून तक्रार दहा आठवड्यांत मिटवायचा प्रयत्न करतात, तेही फुकट. सोय खरोखर चांगली आहे. पण दोन सरकारांना एकमेकांशी बोलायला लावण्यासाठी वेगळी कार्यालयं काढावी लागतात, यावरून दुखण्याचं मूळ कुठे आहे ते कळतं.

या सगळ्यात आपला गोवाही आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचा कायदा अजून आपलं मानतो. अट अशी की जन्माची नोंद पोर्तुगालच्या दप्तरात झाली पाहिजे. लिस्बनच्या दप्तरात आजोबांची नोंद लागली की मडगाव-म्हापशातला नातू युरोपीय संघाच्या नागरिकत्वाच्या दारात उभा राहतो. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्यामुळे इथलं पारपत्र मात्र सोडावं लागतं. आता आजोबांचं नाव पोर्तुगीज काळातल्या नोंदीत एका तऱ्हेने, चर्चच्या किंवा देवळाकडच्या कागदात दुसऱ्या, आणि नंतरच्या इंग्रजी दाखल्यांत तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेलं. तिघेही एकच आजोबा आहेत हे सिद्ध करण्यावर वकिलांची घरं चालतात. एवढा खटाटोप करून मिळवलेलं पोर्तुगालचं पारपत्र घेऊन गोंयकार गेले कुठे, तर बरेचसे इंग्लंडात, स्विंडनसारख्या गावांत. कागद लिस्बनचा, पगार स्विंडनचा. हक्काचा याहून शुद्ध उपयोग खुद्द पोर्तुगीजांनीही केला नसेल. आणि मग ब्रिटन संघातून बाहेर पडलं. २०२० च्या ३१ डिसेंबरला संक्रमणाचा काळ संपला आणि आधी तिथे पोहोचलेल्यांना, आम्ही आधीपासून इथेच आहोत, असा अर्ज ३० जून २०२१ पर्यंत करायला सांगण्यात आलं. आजोबांचं अस्तित्व सिद्ध करून झालं होतं, आता स्वतःचं.

काहींना वाटतं, यावर एकच इलाज: सगळीकडे एकच कायदा, एकच नमुना, एकच रंग. ऐकायला झकास आहे. वाहन परवान्याचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. संघात ११० हून जास्त तऱ्हांचे परवाने वापरात होते. जर्मनीत तर राखाडी, गुलाबी कापडी-कागदी घड्यांचे परवाने लोक पन्नास-पन्नास वर्षं खिशात बाळगत. सत्तरीच्या आजोबांनी पोलिसाला अठराव्या वर्षीचा केसाळ फोटो दाखवायचा आणि पोलिसाने कानांवरून ओळख पटवायची. १९ जानेवारी २०१३ पासून सगळ्यांसाठी एकाच नमुन्याचं कार्ड आलं, आणि जुने सगळे बाद व्हायची शेवटची तारीख आहे १९ जानेवारी २०३३. नुसतं एक कार्ड एकसारखं करायला वीस वर्षं. पण त्यासाठी रस्ते कुठे थांबले होते? १९९६ पासूनच सदस्य देश एकमेकांचे परवाने बदलून न घेता मानत होते. आधी विश्वास, मग हवं तर सारखेपणा, ही उलटी वाटणारी चाल तिथे बिनबोभाट चालली. जन्मदाखल्याच्या बाबतीत मात्र आधी सारखेपणा आणा, मग विश्वासाचं बघू, असा आग्रह. शंभरच्या वेगाने दोन टनांचं धूड हाकणाऱ्यावर विश्वास, आणि तो अमुक साली जन्मला यावर नाही.

खोट्या कागदांची भीती मात्र खरी आहे, ती हसून उडवता येत नाही. विश्वास ठेवायचा ठरवलं की गैरफायदा घेणारे येणारच, बाटलीतही भेसळ होतेच. पण त्यासाठी संशयिताची चौकशी करतात, सगळ्या गिऱ्हाइकांची नाही. आणि चौकशीची सोय आहे. दाखल्याबद्दल शंका आली तर २०१९ पासून एका देशाचा कारकून दुसऱ्या देशाच्या कारकुनाला थेट संगणकावरून विचारू शकतो. या यंत्रणेचं नाव आहे 'अंतर्गत बाजारपेठ माहिती प्रणाली'. माणसाचा जन्म खरा की खोटा हे तपासायलाही बाजारासाठी बांधलेलीच मोरी वापरावी लागते, याबद्दल मी तक्रार करणार नाही. माझ्या म्हणण्याला पुरावाच मिळतो. तक्रार एवढीच की ज्याच्या टेबलावर ही यंत्रणा आहे तो दोन ओळींचा प्रश्न टाकण्याऐवजी समोरच्या माणसालाच आठशे किलोमीटर पाठवतो.

उरला सगळ्यात भारदस्त आक्षेप: सार्वभौमत्व. लग्न, मूल, आडनाव हे संस्कृतीचे विषय आहेत, तिथे ब्रसेल्सने नाक खुपसू नये. मला यात तथ्य दिसतं, आणि न्यायालयालाही दिसलेलं आहे. ऑस्ट्रियाच्या एका बाईंना मोठेपणी एका जर्मन उमरावाने दत्तक घेतलं, त्यांच्या नावात राजकन्येची बिरुदावली आली, आणि त्या नावावर त्या जर्मनीत किल्ले नि गढ्या विकण्याचा व्यवसाय करत होत्या. धंद्याला शोभेसं नाव! ऑस्ट्रियाने १९१९ मध्येच सरदारक्या मोडीत काढलेल्या. त्या देशाने बाईंच्या नावातलं बिरुद दप्तरातून खोडलं. २०१० मध्ये न्यायालयाने ऑस्ट्रियाची बाजू उचलून धरली. प्रजासत्ताकाला राजकन्या नको असेल तर जबरदस्ती नाही. म्हणजे सबळ कारणाला जागा आहे, बाटलीच्या निकालातही होती. पण सबळ कारण आणि 'आमच्याकडे पद्धत नाही' यांत फरक आहे, आणि पालकत्वाच्या बाबतीत तो जीवघेणा होतो. एका देशात आई म्हणून नोंदलेली बाई दुसऱ्या देशात त्या मुलाची कोणीच नसते, असं घडतं. प्रवासात मुलाबरोबर कोण, शाळेत सही कोणाची, दवाखान्यात परवानगी कोणाची? एका देशातलं पालकत्व सगळ्या देशांत मानावं असा प्रस्ताव आयोगाने २०२२ च्या डिसेंबरात मांडला. त्याला सर्व सदस्य देशांचं एकमत लागतं. एकमत म्हटल्यावर वाचकांनी श्वास रोखून धरायची गरज नाही.

आपल्याकडे नसलेली गोष्ट मान्य केली तर आपली संस्कृती बुडते, हे म्हणणं माल्टाने मोठ्या झोकात खोटं पाडलं आहे. २०१० मध्ये संघातल्या १४ देशांनी मिळून नियम केला की नवराबायको दोन देशांचे असतील तर त्यांच्या घटस्फोटाला कुठल्या देशाचा कायदा लावायचा. सगळ्यांचं एकमत होईना, तेव्हा तयार असलेल्यांनी पुढे जावं, या वाटेने घेतलेला हा पहिलाच निर्णय. त्या चौदांत माल्टा उत्साहाने होता. त्या वेळी माल्टात घटस्फोटाची तरतूदच नव्हती. परदेशात झालेला घटस्फोट तिथे आधीपासून मान्य व्हायचा. घरी मात्र मिळत नसे. तो मिळावा की नाही यावर सार्वमत झालं २०११ च्या मे महिन्यात, आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरात कायदा लागू झाला.